बर्फातल्या ठिणगीची वाटणी

थोरल्या जाऊबाई आमच्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी तिळाच्या पेंढ्या उलट्या धरून चादरीवर झटकत होते. पांढऱ्या दवाचा पंधरवडा नुकताच लागला होता, घराघरांच्या छपरांवर मका वाळत पडला होता. जाऊबाईंच्या हातात रताळ्याच्या शेवयांची जुडी होती, त्यांनी स्वतः केलेल्या. त्यांचं घर कालव्याच्या पलीकडे, म्हणजे इथून निघालं तर कपातला चहा निवायच्या आत पोचावं इतकं जवळ. पण त्यांची लेक शाओमान दुधाच्या दातांची होती तेव्हापासून त्यांनी आमच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता त्याच शाओमानचं लग्न ठरलं होतं.

मी झटकणं थांबवलं नाही. का थांबवू?

"रुइझी, तीळ बरे झालेत यंदा," त्या म्हणाल्या.

"पाऊस बेताचा झाला ना. जाऊबाई, बसा म्हटलं असतं, पण बसायला जागा कुठंय? सगळीकडं पेंढ्या."

"मी उभीच बरी."

पूर्वी मी त्यांना वहिनी म्हणायचे. ग्वेइझन वहिनी. नव्या नवरीला चुलीपाशी सांभाळून घेणारी बाई होती ती. म्हणून तर राग जास्त. परक्यावर कोण एवढा राग धरतं?

"शाओमान निघाली," त्या म्हणाल्या. "मध्य शरदाचा सण झाला की लग्न. पीत नदीच्या बांधाकडचं गाव आहे, घराला अंगण आहे. आईंनी सांगितलं होतं, आठवतंय ना तुला? शाओमान सासरी जाईल तेव्हा तिच्याबरोबर ठिणगीचा गड्डा द्यायचा."

"आईंनी पुष्कळ सांगितलं होतं. भांडू नका, हेपण सांगितलं होतं."

जाऊबाईंनी मान खाली घातली. पण गेल्या नाहीत.

ठिणगी म्हणजे आमच्या सासूबाईंची शाओयाओ, पिओनीचं फुलझाड. लाकडी खोडाची मोठी पिओनी नव्हे; दर थंडीत जमिनीसरशी मरणारी आणि वसंतात तांबड्या कोंबांनी पुन्हा वर येणारी. आमच्या हेझे भागात शेताशेतांत तीच असते, पण ही जात निराळी. बर्फासारखं पांढरं भरगच्च फूल, आणि अगदी गाभ्यात, शोधल्याशिवाय दिसू नयेत अशा दोन-चार लाल रेघा. नाव 'बर्फातली ठिणगी'. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईनं टोपलीत घालून दिलेला गड्डा. आता दुसऱ्या कुणाकडं ती राहिलेली नाही. बाजाराला नवी, उंच, गुलाबी फुलं हवी असतात. जुन्याचं कोण काय करतो!

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वसंतात दोन भावांची वाटणी झाली. आमच्यात वाटणीला मामा लागतो. मामांनी बसून सगळं नीट वाटलं: भांडी, टेबल, मोटार लावलेला पंप, शेताचे बांध. दोन चुली झाल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. सगळं आटोपलं, मामांनी सिगारेट पेटवली, आणि मोठे भावजी म्हणाले, "आणि ठिणगी?"

मामा म्हणाले, "फुशान, ती शरदात वाट. आत्ता कोंब हातभर वर आलेत."

"आज वाटणी म्हणजे आज वाटणी."

भावजींचं असंच. आई गेल्याचं दुःख त्या माणसाला रडून काढता येत नव्हतं, ते रागानं बाहेर पडत होतं, हे मला आत्ता कळतं. तेव्हा एवढंच दिसलं की त्यांनी फावडं उचललं आणि जमिनीत उभ्या गड्ड्यावर मधोमध मारलं. ताजी मुळं मुळ्यासारखी कडाकड मोडली. अर्धा गड्डा उपसून ते घेऊन गेले.

या गावात शेंबडं पोरही सांगेल की शाओयाओ वसंतात तोडली तर ती रुसते. आणि शरदात नीट वाटली तरी नव्या जागी ती पहिली दोन-तीन वर्षं आपलं खरं रूप दाखवत नाही. फूल येतं ते इवलंसं, एकेरी, रंगाचा पत्ता नाही. म्हणून तर आम्ही पहिल्या वर्षीच्या कळ्या खुडूनच टाकतो. पण रागावलेल्या माणसाला हे कोण सांगणार? पुढच्या वसंतात त्यांच्याकडं एक फूल आलं, फिकट, चार पाकळ्यांचं, लाल रेघ एकही नाही. आमच्याकडचा अर्धा गड्डा जागचा हललेला नव्हता, तो नेहमीसारखा फुलला. झालं! भावजी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून अख्ख्या गावाला ऐकवत होते, की धाकट्यानं आणि त्याच्या बायकोनं आईची ठिणगी स्वतःकडं ठेवली आणि मला शेजारी उगवलेलं बेवारशी रोप दिलं. मग त्यांनी तो गड्डा उपटला आणि कालव्याच्या काठावर भिरकावला.

फावडं ज्यांनी स्वतः मारलं, तेच म्हणाले आम्ही फसवलं. मी काय ऐकून घेणार होते? माझ्या जिभेलाही हाड नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. दर मे महिन्यात ठिणगी फुलली की मी फाटक सताड उघडं ठेवायचे. गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं, आणि कालव्यापलीकडं जाऊन सांगावं.

आमचे हे दरवर्षी शरद आला की म्हणायचे, "अगं, गड्डा फार जुना झालाय. उपसून मोकळा करायला हवा, नाहीतर मधून पोकळ होईल."

"हात लावाल तर याद राखा," मी म्हणायचे. तो नुसता गड्डा नव्हता. माझ्या खरेपणाचा पुरावा होता.

आता जाऊबाई तोच मागायला आल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर त्या फाटकात दिसल्या त्याच क्षणी मला ठाऊक होतं की मी देणार. शाओमान माझीसुद्धा होती. गावातल्या मोठ्यांची भांडणं पोरांना लागू नसतात. नवीन वर्षाला ती सफरचंदांची पिशवी घेऊन यायची, गुडघ्यावर बसून नमस्कार करायची, आणि स्वयंपाकघरात शिरून तळलेल्या पिठाच्या गोळ्यांवर ताव मारायची. तिच्या टोपलीत ठिणगी नाही म्हणजे सासूबाईंचा शब्द गेला.

"देते," मी म्हटलं. "पण एकटी काढणार नाही. धरायला तुम्ही या."

"येते की," जाऊबाई इतक्या पटकन म्हणाल्या की मीच दचकले. शेवयांची जुडी त्यांनी पेंढ्यांवर ठेवली आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी गड्ड्याभोवती रुंद चर खणला. पानं तांबूस होऊन पडायला आली होती, ती मी कापून घेतली. मग तिघांनी मिळून तो वर काढला. केवढा मोठा! डुकराच्या पिलाएवढा. मातीसकट उचलून आम्ही तो वळचणीखाली सावलीत चटईवर ठेवला. आता तो तसाच पडून राहायला हवा. ताज्या गड्ड्याला हात घातला की मुळं मोडतात. थोडं पाणी सुकून मुळं मऊ झाली, दोरीसारखी वळायला लागली, की मग हातानं सोडवायची.

त्यामुळं झालं काय, की जाऊबाईंना थांबावं लागलं. म्हणजे घरी जाऊन उद्या परत आल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांनी न विचारता एक पेंढी उचलली आणि माझ्यासमोर बसून झटकायला सुरुवात केली.

"चादर धर नीट," त्या म्हणाल्या. "अर्धे तीळ मातीत घालवतेस. अजून तशीच आहेस."

"आणि तुम्ही अजून दुसऱ्याच्या घरात येऊन हुकूम सोडताय."

"दुसऱ्याचं घर कुठलं? या चुलीला मी माती लिंपलीय."

"ती चूल गेली. आता गॅस आहे."

"दिसला. डाग पडलेत त्यावर."

आमचे हे हळूच फावडं घेऊन शेताकडं सटकले. शहाणा माणूस.

दुपारी मी त्यांच्याच शेवया कोबी आणि चरबी घालून शिजवल्या. वाफवलेले पाव होते, कच्चा लसूण होता. जाऊबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"मीठ," त्या म्हणाल्या.

"कमी आहे?"

"जास्त. आईसुद्धा हेच म्हणायच्या." आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आम्ही शाओमानबद्दल बोललो, तिच्या सासूबद्दल बोललो, शेजारच्या वांगच्या सुनेबद्दल तर यथेच्छ बोललो. ठिणगीबद्दल कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी त्या गेल्या, आणि मला घर रिकामं वाटलं. चीडच आली स्वतःची.

दुसऱ्या दिवशी मुळं वळायला लागली होती. मी पाण्यानं माती धुतली. जाऊबाईंनी गड्डा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मी कुठं नैसर्गिक फट आहे ते बोटांनी चाचपायला लागले. शाओयाओचे डोळे, म्हणजे पुढच्या वर्षीचे कोंब, शरदातच तयार असतात. ठिणगीचे डोळे मी आंधळी झाले तरी ओळखीन: गडद तांबडे, टोक किंचित वाकलेलं, आणि टोकावर पिठात बुडवल्यासारखा पांढरा ठिपका. दुसऱ्या कुठल्याही जातीला तो ठिपका नाही. मुळाची साल खरवडली तर आतून गुलाबी झाक, आणि वास थोडा मिरीसारखा.

पण बोटं आत गेली ती जातच राहिली. मध्ये काही नव्हतंच. काळा, ओला भुगा, आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. मी एक बाजू ओढली, ती हातात तुटून आली, कुजलेली. दुसरी ओढली, तीही तशीच. मी वेड्यासारखी सोडवत गेले. जाऊबाई नुसतं म्हणत होत्या, "सावकाश, रुइझी. सावकाश."

शेवटी चटईवर एक तुकडा उरला. तीन डोळे, चार निरोगी मुळं. बाकी सगळा ढीग जाळण्यालायक.

इतकी वर्षं मी फाटक उघडं टाकून ज्याचा तोरा मिरवला, तो आतून असा होता.

"याचे दोन कर," जाऊबाई म्हणाल्या.

"दोन केले तर दोन्ही मरतील. तुम्हालाही ठाऊक आहे."

"मग तू ठेव. शाओमानला मी सांगते समजावून."

"आणि पोरगी रिकामी टोपली घेऊन जाणार?"

मला वाटलं होतं मी मोठ्या मनानं देईन. कसलं काय! तो तुकडा हातातून सुटेना. सासूबाई गेल्या, वाटणी झाली, मुलगा छिंगदाओला नोकरीला लागला तो तिथलाच झाला. या अंगणात माझं म्हणून एवढंच उरलं होतं. मी कात्रीनं मुळांची टोकं कापली. कापांना राख आणि गंधकाची पूड लावली. ओल्या फडक्यात गुंडाळलं, वर गव्हाचा पेंढा, आणि त्यावर लग्नाची म्हणून लाल कागदाची पट्टी. जितकं सावकाश करता येईल तितकं केलं. मग जाऊबाईंच्या ओंजळीत ठेवलं.

"शाओमानला सांगा, डोळे दोन बोटं मातीखाली. जास्त खोल नको. आणि पाणी साचू द्यायचं नाही."

बंडल छातीशी धरून जाऊबाई जवळजवळ पळतच गेल्या. साधं 'येते' म्हणूनही नाही.

मला वाटलं, बघ. मिळालं, निघाल्या. माणसं बदलत नाहीत. मी ह्यांच्यावर ओरडले, "बघताय काय? खड्डा बुजवा तो!" आणि आत जाऊन एप्रनमध्ये तोंड खुपसून रडले. ह्यांनी खड्डा बुजवला नाही. "राहू दे थोडे दिवस," म्हणाले. खत मात्र आणून टाकलं त्यात, कशाला कोण जाणे.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत तीनचाकीचा आवाज आला आणि फाटकापाशी बंद झाला. जाऊबाई आत आल्या. काखेत टोपली, वर ओलं पोतं.

"हात धुतलेले आहेत का?" त्यांनी विचारलं.

"का?"

त्यांनी पोतं बाजूला केलं. शाओयाओचा गड्डा होता, जाडजूड मुळांचा, नुकताच वाटलेला. मी वाकून पाहिलं आणि खालीच बसले. तांबडे डोळे, वाकलेलं टोक, टोकावर पिठाचा ठिपका. एक नाही, सहा-सात. मी नखानं मुळाची साल खरवडली. गुलाबी. नाकाशी नेलं. मिरी.

"ही ठिणगी आहे," मी म्हटलं.

"ते मला सांगतेस?"

"ही माझी नाही. माझ्याकडं एवढी नव्हतीच. कुठून आणलीत?"

जाऊबाई माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. "यांनी कालव्यावर फेकली ना, त्याच संध्याकाळी मी उचलून आणली. आमच्या रताळी साठवायच्या तळघरामागं लावली, भिंतीच्या आडोशाला. तिथं हे कधी फिरकत नाहीत. चौथ्या वर्षी फुलली. आईंच्या अंगणातल्यासारखी, रेघांसकट."

"आणि भावजींना कळलं नाही?"

"मलाही तसंच वाटत होतं. मग एकदा पावसाळ्याच्या तोंडावर बघते तर कुणीतरी तिच्याभोवती पाणी निघून जायला चर खणलेला. पुढच्या थंडीत शेणखत घातलेलं. मी तर घातलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाहीत त्यांना?"

"विचारलं असतं तर अब्रूसाठी त्यांना ती परत उपटून फेकावी लागली असती." जाऊबाई हसल्या. "दर मेमध्ये आम्ही दोघं आळीपाळीनं तिथं जाऊन बघून येतो. एकमेकांना न सांगता. त्या दिवशी तुझा तुकडा घेऊन घरी गेले आणि त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, रुइझीचा सगळा गड्डा कुजला, शेवटचा तुकडा शाओमानला दिलाय. ते मग उठले, फावडं घेतलं आणि सरळ तळघरामागं गेले. दोन दिवस सावलीत ठेवली. आज सकाळी मी धरली, त्यांनी सोडवली. हातानं. एक मूळ मोडलं नाही."

"मग शाओमानला यातलीच द्या आणि—"

"नाही. शाओमानबरोबर तुझ्या हातची जाणार. काकूनं दिलेली. ही तुझी."

मी गड्ड्याकडं बघत राहिले, आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी खरंच इतकी मंद आहे!

"म्हणजे तुमच्या घरात होती. अख्खा गड्डा होता. शाओमानला द्यायला होती."

"होती."

"मग माझ्याकडं मागायला कशाला आलात?"

जाऊबाईंनी टोपलीतला एक पेंढा उचलून बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "आणि काय सांगून आले असते?" त्या म्हणाल्या. "नुसतं कसं यायचं, रुइझी?"

मी नाक पुसलं. उठले. खड्डा उघडाच होता, खत घातलेला. आमचे हे कोपऱ्यात उभे राहून दुसरीकडं कुठंतरी बघत होते.

"वहिनी, धरा," मी म्हटलं.

त्यांनी गड्डा सरळ धरला. मी मुळं पसरून माती लोटली, डोळे दोन बोटं खाली राहतील अशा बेतानं, आणि तळहातानं दाबली. गुडघे झटकून उभी राहिले तेव्हा फाटकाच्या फटीतून तीनचाकीचं पुढचं चाक दिसत होतं, आणि त्याच्याशेजारी धुळीनं माखलेले कापडी बूट. ते बूट इतका वेळ तिथंच होते.

मी फाटकाकडं तोंड करून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हटलं, "नवी लावलीय. पहिली तीन वर्षं फूल कसंही येवो, एकेरी येवो, फिकट येवो, या घराण्यातल्या कुणीही त्यावर एक शब्द बोलायचा नाही. कळलं का?"

वहिनींनी मातीचा हात तोंडावर धरला. बुटांनी जागा बदलली. कुणीतरी खाकरलं.

"कळलं," भावजी फाटकाबाहेरून म्हणाले. आणि मग, "पाणी घातलंस का?"

"आत येऊन तुम्हीच घाला," मी म्हटलं, आणि बादली भरायला गेले.